कुंडीतील मांसल वनस्पतींची कैफियत

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत घरोघरच्या खिडक्यांत, कचेऱ्यांतील मेजांवर आणि मंगलकार्यात पाहुण्यांना द्यावयाच्या भेटींत ज्या जाड, रसभरल्या पानांच्या छोट्या वनस्पती दिसू लागल्या आहेत, आणि ज्या रोपवाटिकांतून ‘सक्युलेंट’ या एकाच सरसकट नावाखाली विकल्या जातात, त्यांच्याविषयी विक्रेता गिऱ्हाइकास एक आश्वासन हटकून देतो, ते हे की, यांना काहीच करावे लागत नाही. या आश्वासनावर विसंबून घरी नेलेले रोप पहिला पावसाळा बहुधा पार करीत नाही. आषाढ-श्रावणात त्याची पाने पिवळी पडून गळतात, भाद्रपदात बुंधा काळा पडतो, आणि मग ‘आमच्या हातून झाड जगतच नाही’ असा स्वतःविरुद्ध निवाडा देऊन ती कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात सरकवली जाते. हा निवाडा अन्यायाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी झाड विकले त्यांनी ते मूळचे कोठले, त्याचा वाढीचा हंगाम कोणता, त्याला माती कसली मानवते, यांतले काहीच सांगितले नाही. आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी तुळशीला आणि जास्वंदीला जी माया पिढ्यान्‌पिढ्या लावली, तीच मोकळ्या मनाने याही झाडाला लावली. तुळस आणि जास्वंद रोजच्या तांब्याभर पाण्यावर फोफावतात. या झाडांची मुळे त्याच पाण्यात कुजतात.

वास्तविक या वनस्पतींचे एक कूळ नाही, एक देश नाही आणि एक ऋतूही नाही. गुलाबासारखी मांडणी असलेली एचेव्हेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातली, गोलसर तुकतुकीत पानांचे जेड दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडील खडकाळ उतारांवरचे, पट्टेदार हॉवर्थिया त्याच देशात झुडपांच्या आडोशाने वाढणारी, फुगीर बुंध्याचे अ‍ॅडेनियम पूर्व आफ्रिकेचे आणि अरबस्तानाचे, आणि दगडगोट्यांत गोट्यासारखाच दिसणारा लिथॉप्स नामिबियाचा व दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्याचा. यांपैकी कित्येकांच्या मायभूमीत वर्षाकाठी ३०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि मुंबईत तर चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. त्यातही लिथॉप्ससारख्या काहींचा वाढीचा हंगाम थंडीचा असून कडक उन्हाळ्यात ते निद्रिस्त होतात. इतरांना उन्हाळी ऊब हवी असते. अशा भिन्न देशींच्या आणि भिन्न हंगामांच्या रोपांना एकाच चिनी मातीच्या परातीत दाटीवाटीने लावून, वर रंगीत खडे पसरून, ‘आठवड्यातून एकदा पाणी’ असा एकच हुकूम सर्वांना लागू करणे म्हणजे त्यांतल्या निम्म्यांना पहिल्याच दिवशी मरणाच्या वाटेवर सोडणे होय.

या वनस्पतींच्या अंतर्गत व्यवहाराचा एक फार जुना दाखला आपल्याच देशातून जगाला मिळाला, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात असलेल्या बेंजामिन हाइने या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या उपाध्यक्षांस पत्र लिहून असे कळवले की, पानफुटीचे पान सकाळी चाखले असता आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळच्या सुमारास किंचित कडवट होते. पानाच्या चवीतला हा दैनंदिन फेरफार त्याने टिपला खरा, पण त्याची संपूर्ण उपपत्ती विसाव्या शतकात लागली. इतर झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेतात आणि त्या उघड्या दारांतून पाणीही गमावतात. पानफुटी, जेड आणि त्यांच्या जातीच्या असंख्य मांसल वनस्पती दिवसभर ही रंध्रे मिटून ठेवतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडून कर्बवायू आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवतात आणि दिवस उजाडल्यावर सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनवतात. म्हणून पान पहाटे आंबट आणि दुपारी अळणी.

या एका गोष्टीतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, रात्र उष्ण असेल तर हा व्यवहार मंदावतो. मे महिन्यात मुंबईची रात्र २६-२७ अंशांच्या खाली उतरत नाही, तेव्हा एचेव्हेरियासारखी डोंगरी रोपे खंगतात, आणि तीच रोपे पुण्या-नाशकाच्या हिवाळी रात्रीत टवटवीत होऊन पानांच्या कडांना तांबूस रंग धरतात. दुसरा निष्कर्ष एका प्रचलित समजुतीचे खंडन करणारा आहे. स्नेक प्लांट किंवा कोरफड रात्री प्राणवायू सोडते, सबब ती उशाशी ठेवावी, असे हल्ली जो तो सांगतो. रात्री ही झाडे कर्बवायू घेतात हे खरे. प्राणवायू मात्र प्रकाशाच्या प्रक्रियेतूनच निर्माण होतो आणि प्रकाश दिवसा असतो. झोपण्याच्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोरफड ठेवल्याने माणसाच्या श्वासाला मदत होत नाही आणि कोरफडीची उपासमार मात्र होते.

आता तक्रारींकडे वळू. सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार पाने सुरकुतल्याची असते, आणि सर्वांत अधिक झाडे याच तक्रारीच्या चुकीच्या इलाजाने दगावतात. पान सुरकुतले याचा अर्थ पानात पाणी पोहोचत नाही एवढाच आहे. का पोहोचत नाही, ते पान सांगत नाही. माती कोरडी ठणठणीत असेल तर झाड तहानलेले आहे, त्याला भरपूर पाणी द्यावे, दोन-तीन दिवसांत पाने पुन्हा तटतटतील. परंतु माती ओली असून पाने सुरकुतलेली असतील तर पाणी ओढणारी मुळेच मेलेली आहेत, आणि अशा झाडाला तहानलेले समजून आणखी पाणी घालणारा माणूस, त्याच्या मनात कितीही कळवळा असला तरी, कुजण्याला हातभार लावीत असतो. म्हणून माझा आग्रह असा की, झारी उचलण्याआधी बोट मातीत खुपसावे. बोट पुरत नसेल तर भेळपुरीच्या गाडीवर मिळते तसली लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. ती ओलसर, काळपट होऊन आली तर त्या दिवशी पाणी घालण्याचे कारण नाही. ज्यांना रोज हाताळण्याची सवय आहे त्यांना नुसती कुंडी उचलूनही वजनावरून कळते.

संशय उरल्यास झाड कुंडीतून बाहेर काढून मुळांचा पंचनामा करावा. यात भिण्यासारखे काही नाही. ही झाडे उघड्या मुळांनी आठवडाभर सावलीत पडून राहू शकतात. कुंडी आडवी धरून कडेने थापटावी, मातीचा गोळा अलगद बाहेर येऊ द्यावा आणि माती बोटांनी झाडावी. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असते, चिमटीत धरून ओढले तर ताण धरते. कुजलेले मूळ गडद, लिबलिबीत असते. ते ओढले की त्याची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत केसासारखा बारीक धागा तेवढा उरतो. त्याला कुबट वास येतो, आणि हा वास एकदा ओळखीचा झाला की पुढे कुंडीच्या तळाच्या भोकाशी नाक नेऊनही निदान करता येते. बुंध्याचा छेद घेतल्यावर मधोमध तपकिरी किंवा काळे वर्तुळ दिसले तर कुजणे वर चढले आहे असे समजावे. पानेही वेळीच सूचना देत असतात: अतिपाण्याचे पान पिवळसर, काचेसारखे आरपार आणि पाणचट होते व बोट लागताच गळते, तहानेचे पान पातळ, मऊ आणि दुमडते होते, पण सहजासहजी गळत नाही.

मुळे कुजतात ती पाण्याने, असे आपण म्हणतो, पण खरे कारण हवेचा अभाव हे आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात आणि मग पिथियम, फ्युजॅरियम यांसारख्या बुरशींना रान मोकळे मिळते. यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तोडगा म्हणजे कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडीचा थर घालणे. या वहिवाटीविषयी मला आदर आहे, तथापि भौतिकशास्त्र तिच्या विरुद्ध आहे हे सांगणे भाग आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत उतरायला तयार नसते. सीमेवरची माती पूर्णपणे भिजून तुडुंब होईपर्यंत ते तेथेच अडून बसते. म्हणजे खडीच्या थराने पाण्याचा निचरा वाढत नाही, उलट चिंब मातीचा जो पट्टा कुंडीच्या तळाशी राहिला असता तो वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही. त्याउपर तळाला काही घालण्याची गरज नाही. खडी, कच, विटांचा जाडा चुरा हे पदार्थ घालायचेच असतील तर ते संपूर्ण मातीत मिसळावेत. तेथे ते खरोखर कामास येतात.

मातीचा विचार थोडा विस्ताराने करावा लागेल, कारण महाराष्ट्राची माती ही या झाडांची मोठी अडचण आहे. देशावरची काळी माती पाणी धरून ठेवणारी, भिजली की फुगणारी आणि सुकली की भेगाळणारी. कापसाला आणि ज्वारीला तिचा जो गुण उपयोगी पडतो, तोच कुंडीतल्या जेडचा काळ ठरतो. मुंबईतल्या रोपवाटिकांत मिळणारी लाल माती दिसायला भुसभुशीत असते, पण चार-सहा महिने पाणी खाल्ल्यावर कुंडीत तिचे ढेकूळ बनते. हल्ली रोपे येतात ती निव्वळ कोकोपीटात. ते वजनाला हलके असल्याने वाहतूकदाराला सोयीचे, आणि रोपवाटिकेत रोज ठरावीक पाणी मिळत असेतो रोपालाही मानवणारे. परंतु घरी आल्यावर ते एकदा खडखडीत वाळले की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून तडक खाली निघून जाते. मालक पाणी वाहताना पाहून निश्चिंत होतो आणि मुळांचा गाभा कोरडाच राहतो. याच्या उलट पावसाळ्यात तेच कोकोपीट दिवसेन्‌दिवस ओल सोडीत नाही.

मग घालावे काय? आपल्या पायाखालीच उत्तम सामग्री आहे. चाळून घेतलेला मुरूम, धुतलेली जाडी नदीची वाळू, विटांचा वाटाण्याएवढा चुरा, थोडे कोळशाचे तुकडे, मिळाल्यास परलाईट किंवा प्यूमिस, हे दोन ते तीन भाग घेऊन त्यात एक भाग चाळलेली बागेची माती व चांगले कुजलेले शेणखत मिळून घालावे. चाळणे महत्त्वाचे आहे, कारण पिठासारखी बारीक भुकटी साऱ्या पोकळ्या बुजवून टाकते. बांधकामाची क्रश सॅन्ड वापरायची झाल्यास ती दोन-तीन पाण्यांनी धुतल्यावाचून घेऊ नये. समुद्राची वाळू खारी असते, ती वर्ज्य. घरोघरी चहाचा चोथा कुंडीत टाकण्याची जी रीत आहे ती गुलाबाला चालेल, इथे मात्र तो चोथा ओल धरतो, बुरशी धरतो आणि काळ्या बारीक चिलटांची पैदास करतो. कुंडी शक्यतो कुंभाराची, न रंगवलेली, झाडाच्या आकारापेक्षा किंचितच मोठी असावी. भाजलेल्या मातीच्या भिंतींतून ओल बाहेर निघून जाते. तळाला भोक नसलेली चिनी मातीची सुंदर भांडी फक्त बाहेरचे आवरण म्हणून वापरावीत, आणि आत साचलेले पाणी प्रत्येक वेळी ओतून टाकावे.

पाणी घालावयाचे ते कसे, याविषयी एक चुकीची भीती आणि एक चुकीची सवय दोन्ही प्रचलित आहेत. जास्त पाण्याने झाड मरते असे ऐकल्यामुळे काही गृहिणी रोज चमचाभर पाणी देतात. त्यामुळे वरचा थर नेहमी ओला आणि खालची मुळे नेहमी उपाशी राहतात. पाणी घालायचे तेव्हा तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घालावे, आणि त्यानंतर माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा घालू नये. मधली मुदत किती दिवसांची, याचे उत्तर पंचांगात मिळणार नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये ती चार दिवसांची असेल, रत्नागिरीत जुलैमध्ये महिन्याची असेल. ज्यांच्या घरी बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी येते त्यांना मातीवर व कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसू लागेल. त्यांनी पहिल्या पावसाचे पाणी साठवून त्याने एकदा माती खळखळून धुऊन घ्यावी.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत या कुंड्यांना थेट पाऊस लागू न देणे हा एकच उपाय बाकी सर्व उपायांहून अधिक झाडे वाचवील. हिरव्या शेडनेटने ऊन अडते, पाऊस अडत नाही. पत्रा किंवा पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर लागते, आणि चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या लागतात. बंद खोलीत ठेवायची वेळ आल्यास दिवसातून काही तास पंखा लावावा. कोकणातल्या घरी ज्या पडवीत लाकडाला बुरा चढतो, त्या पडवीत एचेव्हेरिया टिकणार नाही.

प्रकाशाच्या बाबतीत आपले डोळे आपली फसवणूक करतात. बाहेर भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, खिडकीपासून दूर खोलीच्या मध्यावर तो काहीशे लक्सवर येतो. पण डोळ्यांची बाहुली आपोआप रुंदावत असल्याने खोली आपल्याला लख्ख वाटते. झाडाला ती काळोखी वाटते. ते प्रकाशाच्या शोधात लांब होऊ लागते, दोन पानांमधले अंतर वाढते, रंग फिकटतो, शेंडा खिडकीकडे झुकतो. आणि मालकाला वाटते की झाड छान वाढते आहे. एकदा अशी ताणलेली दांडी पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून तो नव्याने रुजवावा आणि उरलेला बुंधा चांगल्या उजेडात ठेवावा. त्यावर बहुधा बाजूने नवे कोंब येतात.

खिडकीच्या दिशेविषयी विलायती पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा घेता येत नाही. इंग्लंडात मध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडेच असतो, म्हणून तेथील लेखक दक्षिणेची खिडकी सांगतात. मुंबई १९ अक्षांशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे ज्या उत्तर खिडकीत डिसेंबरात उन्हाची तिरीपही येत नाही, तेथे मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ कडक ऊन शिरते, आणि दक्षिणेची खिडकी त्याच दिवसांत छज्ज्याच्या सावलीत जाते. म्हणून कुंड्यांची जागा वर्षातून निदान दोनदा बदलावी लागते, आणि बदलताना घाई करू नये. महिनोन्‌महिने घरात राहिलेले रोप एप्रिलमध्ये एकदम गच्चीवर नेल्यास दोन दिवसांत त्याच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे पडतात. ते भाजल्याचे व्रण होत. ते कोणत्याही औषधाने जात नाहीत. आधी सकाळचे कोवळे तासभर ऊन, मग हळूहळू अधिक, अशी दोन आठवड्यांची सवय लावावी.

किडींमध्ये मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका अडकल्यासारखा तो दिसतो, झाडाचा रस शोषतो, चिकट गोड स्राव टाकतो, आणि त्या गोडव्यासाठी मुंग्या त्याला या कुंडीतून त्या कुंडीत वाहून नेतात. सबब कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की बेचक्या तपासाव्यात. या किडीच्या भाऊबंदांनी आपल्या देशाच्या इतिहासात मोठी कामगिरी केलेली आहे. किरमिजी रंगाच्या लोभाने १७९५ साली ब्राझीलमधून बंगालमध्ये कोचिनीलचे किडे आणले गेले. ते रंगाला कुचकामी निघाले, कारण ती जात निराळी होती, परंतु त्यांनी एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांचीच दुसरी जात सिंहलद्वीपातून आणून दक्षिणेत शेतजमिनी गिळणाऱ्या निवडुंगावर मुद्दाम सोडण्यात आली, आणि हजारो एकर रान मोकळे झाले. आजही देशावर बांधावरच्या फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसतो, तो चिरडला तर बोट लालभडक होते. ज्या किडीचे भाऊबंद रानेच्या राने साफ करतात, तिचा एक पुंजका खिडकीतल्या कुंडीत दिसल्यावर ‘बघू उद्या’ म्हणणे योग्य नव्हे.

इलाज साधा, पण चिकाटीचा आहे. रोप इतरांपासून वेगळे करावे. कानकाडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका टिपावा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा टिपावा, कारण अंड्यांतून नवी पिले निघतात. निंबोळी तेल व सौम्य साबणाचे पाणी संध्याकाळीच फवारावे, ऊन असताना नव्हे, नाहीतर पाने भाजतात. आणि ज्या एचेव्हेरियाच्या पानांवर राखाडी मेणाची लव असते, तिच्यावर ते फवारूच नये, कारण लव गेली की झाडाचे उन्हापासूनचे संरक्षण जाते. याच किडीची एक जात मातीखाली मुळांवर राहते. कारण दिसत नसता झाड वाढायचे थांबले, तर कुंडीतून काढून मुळांवर पांढरी पूड आहे का पाहावे. असल्यास सगळी माती फेकून, मुळे धुऊन, वाळवून नव्या मातीत लावावे.

काही लक्षणे रोगाची नसतात. सर्वांत खालची पाने एकेक करून कागदासारखी वाळतात, तो वयाचा धर्म आहे. जुन्या निवडुंगाचा बुंधा खालून तपकिरी, खरखरीत होतो आणि हाताला कठीण लागतो. तो मऊ नसेल तर काळजीचे कारण नाही. घायपाताला उंच तुरा येऊन तो मरतो, कारण आयुष्यात एकदाच फुलण्याची त्याची जात आहे. बाजूची पिल्ले जपावीत.

कुजलेल्या झाडालाही वाचवता येते, वेळेवर लक्ष गेले तर. निर्जंतुक केलेल्या सुरीने वरचा निरोगी भाग कापावा. छेदात तपकिरी ठिपका दिसत असेतो वर वर कापत जावे, प्रत्येक कापाला सुरी पुसावी. मग तो तुकडा सावलीत, वाऱ्यावर, जखमेवर कोरडी खपली धरेपर्यंत आठवडाभर ठेवावा आणि नंतर कोरड्या खडीच्या मिश्रणावर नुसता टेकवावा. मुळांची टोके दिसल्यावर पाणी सुरू करावे, त्याआधी नको. जेड, सेडम, एचेव्हेरिया यांचे पान देठाच्या बुडासकट अखंड निघाले तर त्यापासूनही रोप होते. मात्र हे काम पावसाळ्यात बहुधा फसते, कारण दमट हवेत खपली धरत नाही. म्हणून ज्यांना आपल्या रोपाविषयी शंका आहे त्यांनी मे महिन्यातच एक-दोन तुकडे कापून बाजूला रुजत ठेवावेत.

आता व्यापाराविषयी, कारण हा सारा भार गिऱ्हाइकानेच का वाहावा? निवडुंगांवर गोंदाने कागदी फुले चिकटवलेली मी पाहतो, हॉवर्थियाच्या पानांवर निळा-गुलाबी रंग फासलेला पाहतो, वरचे खडे चिकटद्रव्याने असे घट्ट केलेले पाहतो की पाणी खाली जाण्यास वाटच राहू नये. रंग फासलेल्या पानाला प्रकाश मिळत नाही. हे सजीवाचे विद्रूपीकरण आहे आणि ते बंद झाले पाहिजे. लाल-पिवळ्या गोळ्याचे जे कलमी निवडुंग भेट म्हणून दिले जातात, त्यांच्या वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नसते, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो आणि बहुधा काही वर्षांतच संपतो, हे विकत घेणाऱ्याला सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. प्रत्येक कुंडीबरोबर झाडाचे शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश आणि वाढीचा हंगाम एवढ्या तीन नोंदींची चिठ्ठी असावी, आणि तळाला भोक नसलेल्या भांड्यात रोप विकू नये, एवढी शिस्त रोपवाटिकांच्या संघटनांना स्वतःहून घालून घेता येईल. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये आणि मुंबईत राणीच्या बागेत हिवाळ्यात पुष्पप्रदर्शने भरतात, तेथे बक्षिसाच्या झाडांच्या शेजारी एक मेज आजारी झाडांसाठी मांडावे. लोकांनी आपली कुंडी आणावी, जाणत्याने मुळे काढून दाखवावीत. एका तासात जे कळेल ते दहा पुस्तके वाचून कळणार नाही.

आणि परदेशी झाडांच्या या गर्दीत एका घरच्या झाडाकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची वनस्पती जगात केवळ महाराष्ट्रात, शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या आणि सह्याद्रीच्या कड्यांवर उगवते. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन करून मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया असे शास्त्रीय नाव दिले. सह्याद्रीचा सगळा पाऊस ती अंगावर घेते, पण उभ्या कड्याच्या फटीत मुळे रोवून, जेथे पाणी क्षणभरही थांबत नाही. पावसाळ्यात तिला पाने फुटतात, काळपट लाल रंगावर पिवळे ठिपके असलेली चांदणीसारखी फुले येतात, आणि पुढे कोरड्या दिवसांत पाने गळून नुसती जाड खोडे राहतात. रानातली तिची संख्या फार थोडी आहे, म्हणून कड्यावरून उपटून आणलेले रोप कोणीही, कोणत्याही किमतीला घेऊ नये. फाट्यापासून ती सहज रुजते, आणि अशी वाढवलेली रोपे जाणत्या रोपवाटिकांनी घरोघर पोहोचवावीत. ज्यांना ती मिळेल त्यांनी मुरुमाच्या मिश्रणात, उंचावर टांगलेल्या कुंडीत लावावी, पावसाळ्यात पाणी द्यावे, आणि हिवाळ्यात तिची पाने गळू लागली की झाड सुकले असे समजून झारी हाती घेऊ नये. तेव्हापासून जूनपर्यंत खोड फारच आकसले तरच महिन्याकाठी एकदा थोडे पाणी तिला पुरते.